दार उघडं ठेवून कुलूप लावून पाहा

दुहेरी काचेच्या दाराचं कुलूप अडायला लागलं की पहिली चाचणी अगदी फुकटातली आहे. दार सताड उघडा, हँडल वर उचला आणि किल्ली फिरवा. उघड्या दारात सगळं सहज चाललं आणि दार लोटल्यावर मात्र तेच हँडल जागचं हलेना, तर कुलूप चांगलं आहे. दार आपल्या जागेवरून सरकलं आहे, एवढंच. पण दार उघडं असतानाही हँडल अडत असेल, आतून करकर येत असेल किंवा वर उचललेलं हँडल लुळं पडत असेल, तर दोष कुलपाच्या पोटात आहे.

ब्रिटनमधल्या घराघरांत यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लॅस्टिकची, दारं-खिडक्या आहेत, त्यामुळे तिथल्या मराठी कुटुंबांना हा प्रसंग नवा नाही. ही दारं मी हौसेनं दुरुस्त करतो, आणि माझं ठाम मत असं की ‘कुलूप बिघडलं’ या तक्रारींमधल्या बऱ्याचशा मुळात कुलपाच्या नसतातच. कुलूप खरोखर मोडलं असलं, तरी बहुतेकदा ते आधी सरकलेल्या दाराशी झगडून झगडून मोडलेलं असतं.

हे झगडणं म्हणजे काय, ते समजण्यासाठी दाराच्या कडेची ती लांबलचक धातूची पट्टी नीट बघा. हे मल्टिपॉइंट लॉक. मध्यभागी एक पेटी असते, तिला गिअरबॉक्स म्हणतात. तिच्यातून वर आणि खाली पट्ट्या जातात आणि त्यांना हूक किंवा रोलर जोडलेले असतात. हँडल वर उचललं की पट्ट्या सरकतात, हूक बाहेर येऊन चौकटीवरच्या खाचांत शिरतात आणि दार वर, मध्ये, खाली असं सगळीकडून चौकटीला आवळलं जातं. चौकटीवरच्या या खाचांना कारागीर ‘कीप’ म्हणतात. किल्ली या सगळ्याला फक्त जागच्या जागी रोखून धरते. पट्ट्या सरकवण्याचं काम हँडल करतं.

आता हँडल साधारण १२ सेंटिमीटर लांब असतं. गिअरबॉक्सच्या आत त्याच्या चौकोनी दांडीवर, म्हणजे स्पिंडलवर, फिरणारा जो तुकडा आहे, त्याचा दात अक्षापासून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरवर असतो. तरफेचा नियम लावा. हातानं १५ किलोचा जोर दिला तर दातावर ९० ते १२० किलोचा भार येतो. हूक बरोबर खाचेत जात असतील तर एवढ्या जोराची गरजच पडत नाही, दोन बोटांनी हँडल उचललं जातं. पण हूक खाचेच्या काठावर आदळत असेल तर हा सगळा भार त्या लहानशा दातावर आणि शेजारच्या स्प्रिंगवर येतो. मोडलेली पेटी टेबलावर उघडली की तेच दिसतं: जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव तुकडा दातापाशी चिरलेला, स्प्रिंगचे दोन तुकडे, आणि त्यांच्यावर काळपट ग्रीस. अशा वेळी नुसती पेटी बदलून भागत नाही. दार होतं तिथेच ठेवलं तर नवी पेटीही त्याच वाटेनं जाते.

मग दार सरकतं कशानं? पहिलं कारण वजन. काचेची घनता दर घनमीटरला २,५०० किलो. म्हणजे ४ मिलिमीटर जाडीच्या काचेचं वजन दर चौरस मीटरला १० किलो, आणि दुहेरी काचेचं २० किलो. चौकट, आतलं पोलाद, कुलूप हे सगळं धरून दार ५० किलोचं आणि ९० सेंटिमीटर रुंद आहे असं समजा. त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीच्या बाजूपासून ४५ सेंटिमीटरवर. वरच्या आणि खालच्या बिजागरीत दीड मीटर अंतर असेल, तर वरच्या बिजागरीवर आडवी ओढ येते ५० गुणिले ४५ भागिले १५०, म्हणजे १५ किलो वजनाइतकी. तेवढाच दाब खालच्या बिजागरीवर, पण उलट दिशेनं. रात्रंदिवस, वर्षानुवर्षं. वरचे स्क्रू किंचित सैलावतात, पिनेखालची प्लॅस्टिकची चकती झिजते, आणि कुलपाकडची कड खाली येते.

दुसरी गोष्ट जास्त मजेशीर आहे, आणि ती बाहेरून अजिबात दिसत नाही. यूपीव्हीसीच्या दाराची स्वतःची चौकट म्हणजे चार पोकळ तुकडे कोपऱ्यांवर वितळवून जोडलेला आयत. आयत हा आकार मुळातच दुबळा; ढकलला की तो तिरपा होऊन समांतरभुज होतो. जुन्या फळ्यांच्या दाराला मागून एक तिरपी पट्टी मारलेली असायची ती याचसाठी. खालच्या बिजागरीपासून निघून वर कडीच्या कोपऱ्यापर्यंत जाणारी ही पट्टी दाराचं लोंबणारं वजन दाबाच्या रूपात खालच्या बिजागरीकडे नेते. दुहेरी काचेच्या दारात हे काम काच करते. काच तिच्या पातळीत दाबाला फार ताठ असते. म्हणून ती बसवताना खाली बिजागरीच्या कोपऱ्यात आणि वर कुलपाच्या कोपऱ्यात, अशा कर्णाच्या दोन टोकांना प्लॅस्टिकच्या पातळ पॅकरांनी, म्हणजे फटीत घालायच्या चकत्यांनी, घट्ट टेकवलेली असावी लागते. ब्रिटनमधले कारागीर याला ‘टो अँड हील’ म्हणतात. हे पॅकर घाईत बसवले, सरकले किंवा मुळात घातलेच नाहीत, तर काच चौकटीत नुसती वजन म्हणून बसून राहते आणि दार लोंबतं.

लंडनजवळच्या स्लाउमधल्या एका काकूंचं मागचं दार असंच होतं. संध्याकाळी ते बंद करायला त्यांना मुलाला हाक मारावी लागायची. दारं विकणाऱ्या माणसानं बघून सांगितलं, काकू, पूर्ण दारच बदला. मी आधी खालची कीप बघितली. हूक जिथे आत जायला हवा त्या खाचेच्या तळकाठावर एक चकचकीत ओरखडा होता, आजूबाजूचा धातू मात्र मळकट. हूक कुठे आदळतो आहे याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा मिळत नाही. दार खाली आलं होतं. काचेभोवतीची बीडिंग, म्हणजे काच धरून ठेवणाऱ्या पट्ट्या, एकेक करून काढली, सर्वांत लांब पट्टी आधी आणि तीही मधून सुरुवात करून, आणि प्रत्येक पट्टीची जागा मागच्या बाजूला लिहून ठेवली. मग चपट्या फावड्यासारख्या अवजारानं काच जराशी उचलली. वरच्या कोपऱ्यात पॅकर नव्हताच! तिथे ३ मिलिमीटरचा आणि खाली बिजागरीशी १ मिलिमीटरचा घातला, बीडिंग परत ठोकली, दार लोटलं. काकूंनी एका हातानं हँडल उचललं आणि म्हणाल्या, “अहो, हे तर नव्यासारखं झालं!”

दारांची काच बहुधा कणखर, म्हणजे टफन्ड असते. तिच्या तोंडावर मार बसला तर ती टिकते, पण कडेला धातूचा टोकदार फटका बसला की क्षणात तिचा चुरा होतो. म्हणून हे काम करताना स्क्रूड्रायव्हरनं काच उचकटू नका. हातमोजे आणि चष्मा हवाच.

बिजागरीतून होणारी दुरुस्ती याहून सोपी. बऱ्याच दारांच्या बिजागऱ्यांवर टोपणाखाली ॲलन कीचे, म्हणजे षटकोनी किल्लीनं फिरणारे, स्क्रू लपलेले असतात: एक उंचीसाठी, एक डावी-उजवीकडे सरकवण्यासाठी, काहींत दार चौकटीला किती दाबायचं त्यासाठी तिसरा. एका वेळी अर्धाच फेरा द्यायचा, मग दार लोटून बघायचं. उंची वाढवताना सगळ्या बिजागऱ्या सारख्या फिरवाव्या लागतात, नाहीतर सगळं वजन एकीवरच येतं.

आता उष्णता. आपल्याकडे लाकडी दार पावसाळ्यात फुगतं, कारण लाकूड पाणी पितं. यूपीव्हीसी पाणी पीत नाही, पण तापमानानं खूप बदलतं. १ मीटर लांबीचा तुकडा १० अंशांनी तापला की तो साधारण ०.७ मिलिमीटर वाढतो. पोलाद तेवढ्यात ०.१२ मिलिमीटर आणि काच ०.०९ मिलिमीटर वाढते. म्हणजे एकाच दारात तीन पदार्थ तीन वेगांनी हलत असतात. २ मीटर उंचीच्या दाराला मोकळं सोडलं तर ४० अंशांच्या फरकानं ते साडेपाच मिलिमीटरच्या वर वाढेल. आतलं पोलाद त्याला बऱ्यापैकी रोखतं, पण पूर्ण नाही.

त्यातही बाहेरची बाजू उन्हात आणि आतली सावलीत असली, की बाहेरचा पृष्ठभाग जास्त वाढतो आणि दार बाहेरच्या बाजूला फुगवटा येऊन वाकतं. मधलं कुलूप लागतं, पण वरचं आणि खालचं टोक आत झुकल्यामुळे तिथले हूक चुकतात. गडद रंगाच्या दारात हे जास्त, कारण ते ऊन जास्त शोषतं. १९ जुलै २०२२ला लिंकनशायरमधल्या कॉनिंग्जबी इथे ४०.३ अंश सेल्सियस तापमान नोंदलं गेलं, तो ब्रिटनचा आजवरचा उच्चांक. हवाच इतकी तापलेली असताना उन्हातलं काळं किंवा गडद राखाडी दार हवेपेक्षाही कितीतरी जास्त गरम होतं. अशा दुपारी अडलेल्या दाराच्या कीपा मुळीच सरकवू नका. दारावर गार पाण्यात भिजवलेलं फडकं फिरवा किंवा संध्याकाळची वाट पाहा. भर उन्हात जुळवलेलं दार थंडीत पुन्हा चुकतं.

खिडकीचं तंत्र वेगळं. तिच्या बिजागरीला फ्रिक्शन स्टे म्हणतात, आणि ती चार सांध्यांची एक सुंदर यंत्ररचना आहे. खिडकी उघडताना एक लहान ठोकळा पट्टीतल्या रुळावरून सरकतो, आणि त्याच्या घर्षणामुळे खिडकी वाऱ्यात आपटत नाही, सोडू तिथे उभी राहते. हा ठोकळा झिजला की खिडकी उभी राहत नाही. सांध्यांतले रिव्हेट सैल झाले की झडप खाली येऊन चौकटीला घासते, आणि कोपऱ्यातून वारा येतो. घर्षणाच्या ठोकळ्याला तेल लावू नका. त्याचं घर्षण हेच त्याचं काम. तेल फक्त रिव्हेटच्या सांध्यांना, थेंबभर. झिजलेला स्टे दुरुस्त होत नाही, तो बदलतात आणि नेहमी जोडीनं. विकत घेताना लांबीबरोबर त्याची मिटलेल्या अवस्थेतली जाडी मोजा, ती बहुधा १३ किंवा १७ मिलिमीटर असते. ही चुकली तर खिडकी एकतर मिटत नाही किंवा फट राहते. वरच्या मजल्यावरची झडप सोडवताना दुसरा माणूस हवाच. १ चौरस मीटरची नुसती काचच २० किलोची आहे.

खिडकीच्या हँडलचं म्हणाल तर ते बदलणं पाच मिनिटांचं काम. स्पिंडल ७ मिलिमीटर चौकोनी, दोन स्क्रूंमधलं अंतर सहसा ४३ मिलिमीटर, आणि मोजायची ती फक्त स्पिंडलची बाहेर आलेली लांबी. खिडकी मिटूनही वारा येत असेल तर झडपेच्या कडेवरच्या छत्रीच्या आकाराच्या खुंट्या बघा. त्या अक्षापासून जरा बाजूला बसवलेल्या असतात, म्हणून ॲलन कीनं किंवा पान्यानं फिरवल्या की झडप रबराला थोडी जास्त दाबली जाते. काचांच्या मध्ये धुकं साचलं असेल तर तो या सगळ्यापेक्षा वेगळा आजार. कडेचं सील गेलेलं असतं, आणि त्यासाठी फक्त काचेचा संच बदलतात, चौकट नाही.

किल्लीचा भाग, म्हणजे सिलिंडर, याबद्दल मात्र मी आग्रहानं सांगेन. पिनांचं कुलूप अमेरिकन कुलूपकार लायनस येल धाकटे यांनी १८६०च्या दशकात आजच्या रूपात आणलं, आणि या दारांत त्याचंच युरोपीय रूप बसतं. त्याच्या मधोमध स्क्रूचं भोक आणि फिरणाऱ्या जिभेची खाच अशा दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी येतात, त्यामुळे तिथे पितळ फार थोडं उरतं. सिलिंडर हँडलच्या बाहेर डोकावत असेल तर चोर त्याला पकडून तिथेच मोडतो. म्हणून बाहेरची लांबी अशी निवडा की सिलिंडर हँडलच्या पातळीपासून ३ मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे येणार नाही, आणि टीएस ००७ या ब्रिटिश सुरक्षा मानकाच्या ३ ताऱ्यांचा सिलिंडर घ्या. त्याला मुद्दाम एक कमजोर खाच पाडलेली असते. पुढचा तुकडा तुटतो, पण आतलं कुलूप लागलेलंच राहतं. माप मधल्या स्क्रूपासून दोन्हीकडे वेगवेगळं घ्यायचं. किल्ली जड फिरते म्हणून सिलिंडरमध्ये डब्ल्यूडी-४० हा तेलकट फवारा मारण्याची सवय सोडा. १९५३ साली ते पाणी हटवण्यासाठी तयार झालं होतं. ते आतलं वंगण धुऊन काढतं आणि मागे राहिलेल्या ओशटपणावर धूळ बसते. ग्राफाइटची पूड किंवा पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा, कोरडा फवारा पुरतो.

पुण्या-मुंबईच्या नव्या इमारतींतही यूपीव्हीसीच्या उघडणाऱ्या खिडक्या आता दिसतात, आणि त्यांचे स्टे, हँडल, खुंट्या हेच असतात. समुद्राजवळ राहणाऱ्यांसाठी एक सूचना: खाऱ्या हवेतलं क्लोराइड साध्या ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीललाही डाग पाडतं. ३१६ प्रतीत मॉलिब्डेनम असतं, ते जास्त टिकतं. खिडकी बसवून घेतानाच ही प्रत विचारा, नंतर विचारून उपयोग नाही.

झोपण्याच्या खोलीतली अडलेली खिडकी मात्र पुढच्या सुट्टीवर ढकलू नका. आगीच्या वेळी बाहेर पडण्याच्या खिडकीसाठी इंग्लंडच्या बांधकाम नियमांत उघडं क्षेत्र किमान ०.३३ चौरस मीटर, कुठलीही बाजू ४५० मिलिमीटरपेक्षा कमी नको आणि उघड्या भागाची खालची कड जमिनीपासून ११०० मिलिमीटरपेक्षा वर नको, असं सांगितलं आहे. स्टे अडून खिडकी अर्धीच उघडत असेल तर या आकड्यांना काही अर्थ उरत नाही. त्या खोलीतल्या हँडलची किल्ली त्याच खोलीत, पण बाहेरून हात घालून पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवा, आणि ती कुठे आहे हे घरातल्या मुलांनाही दाखवून ठेवा.