डॉसच्या काळातला रंगीत कर्सर: पार्श्वभूमी

डॉसमध्ये (पीसीवरची जुनी, आज्ञा टाइप करून चालवायची ऑपरेटिंग सिस्टीम) माउस वापरायचा तर गाठ पडायची इंटरप्ट ३३एचशी, म्हणजे प्रोग्रामने माउसच्या ड्रायव्हरला हाक मारायच्या ठरावीक क्रमांकाशी (एच म्हणजे सोळाच्या पटीतला, हेक्साडेसिमल आकडा). मायक्रोसॉफ्टने १९८३ मध्ये आपला माउस आणला आणि त्याच्या ड्रायव्हरशी बोलायची ही पद्धत पुढे इतर कंपन्यांनीही उचलली. प्रोसेसरच्या एएक्स रजिस्टरमध्ये (आकडा ठेवायच्या छोट्या कप्प्यात) १ टाकला की कर्सर दिसे, २ टाकला की लपे, ३ ने त्याची जागा आणि बटणांची स्थिती कळे. ग्राफिक्स मोडमध्ये कर्सरला हवा तो आकार द्यायला ९ क्रमांकाचे फंक्शन होते. घोडे अडायचे ते रंगापाशी.

या फंक्शनला १६ बाय १६ पिक्सेलचे दोन मास्क, म्हणजे ० आणि १ चे नकाशे, लागत. पडद्यावरच्या पिक्सेलचा पहिल्याशी अँड व्हायचा (दोन्ही बिट १ तरच १), मग आलेल्या उत्तराचा दुसऱ्याशी एक्सॉर (दोन बिट वेगळे तरच १). म्हणजे पिक्सेलमागे दोनच बिट: ००ला काळा, ०१ला पांढरा, १०ला पारदर्शक, ११ला खालचा रंग उलटा. सगळा कर्सर ६४ बाइटमध्ये बसायचा. मेमरीची चणचण असताना ही रचना खरोखर सुरेख होती.

१९८७ मध्ये आयबीएमच्या पीएस/२ संगणकांसोबत व्हीजीए हे ग्राफिक्स हार्डवेअर आले. त्याच्या मोड १३एचमध्ये ३२० बाय २०० पिक्सेल आणि २५६ रंग, तरी कर्सर कृष्णधवलच. मग प्रोग्रामर ड्रायव्हरचा कर्सर लपवून स्वतःच चित्र काढू लागले. कर्सर बसेल तिथले २५६ बाइट (१६ बाय १६, पिक्सेलमागे एक) आधी जपून ठेवायचे, त्यावर आपले चित्र उमटवायचे (ठरवलेल्या एका रंगाचे पिक्सेल वगळून), आणि माउस हलला की जुने बाइट जागच्या जागी. ड्रायव्हर या मोडमध्ये आडवी जागा सहसा ० ते ६३९ अशी सांगे, म्हणून ती निम्मी करावी लागे.

खरा त्रास पुढे होता. कर्सरखाली प्रोग्रामने काही नवे काढले, की जपलेले जुने बाइट त्यावर येऊन बसत आणि पडद्यावर चौकोनी डाग राही. म्हणून काही काढण्याआधी कर्सर लपवायचा, झाल्यावर दाखवायचा. लुकलुक टाळायला ग्राफिक्स कार्डाच्या पोर्ट ३डीएचा ३ क्रमांकाचा बिट (मोजणी ० पासून) तपासत व्हर्टिकल रिट्रेसची, म्हणजे मॉनिटरचा किरण खालून पुन्हा वर जाण्याच्या क्षणाची, वाट बघायची. महाराष्ट्रातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांत टर्बो सी हा डॉसवरचा सी भाषेचा कंपायलर बराच काळ टिकला. त्यात हेच काम गेटइमेज (पडद्याचा तुकडा जपणारे) आणि पुटइमेज (तो परत उमटवणारे) या फंक्शनांनी साधता येई.

पुढे ग्राफिक्स कार्डांनीच कर्सर सांभाळायला घेतला. चित्र मॉनिटरकडे जातानाच कार्ड तो वर मिसळते, त्यामुळे खालचे पिक्सेल जपण्याची गरज उरली नाही. २००१ च्या विंडोज एक्सपीत तर कर्सरला अर्धपारदर्शक कडाही मिळाल्या.