खेकड्यांनी ढवळलेला गाळ आणि अचानक पालटलेलं हवामान

ओहोटीला ऐरोलीच्या खाडीकाठी तिवरांखालचा चिखल उघडा पडतो. खेकड्यांची बिळं, बिळांच्या तोंडाशी मातीच्या गोळ्या, मधूनच उड्या मारणारी निवटी. जुनं हवामान गाळाच्या थरांतून वाचता येतं. पण ते अचानक कधी पालटलं, हे शोधायला गेलं की हीच बिळं आडवी येतात.

अचानक म्हणजे किती? ग्रीनलंडच्या बर्फात यंगर ड्रायस नावाचा थंडीचा काळ नोंदला गेलाय, सुमारे 12,900 ते 11,700 वर्षांपूर्वीचा. तो संपताना तिथलं तापमान काही दशकांत साधारण 10 अंशांनी चढलं. त्याआधीच्या हिमयुगातही अशा उसळ्या वीसहून अधिक वेळा आल्या. हे टिपायचं तर प्रत्येक नमुन्यात फार तर दहा-वीस वर्षं मावायला हवीत.

गाळातले किडे, शिंपले वरचा साधारण 10 सेंटिमीटरचा थर सतत ढवळत असतात. खोल समुद्रात हजार वर्षांत 5 सेंटिमीटर गाळ साठला, तर त्या थरात 2,000 वर्षं कालवली जातात; अख्खा यंगर ड्रायस पुसट होतो. खाडीत वर्षाला 5 मिलिमीटर साठला असं धरलं, तर तेवढाच थर 20 वर्षांचा. ऐकायला बरं वाटतं, पण खेकडे 10 सेंटिमीटरवर थांबत नाहीत, अर्धा मीटरही खाली जातात.

तरी खाडीत कोअर, म्हणजे गाळाचा उभा, सलग नमुना काढायचाच असेल, तर रशियन कोअरर हे उपकरण बरं. ते बंद ठेवून हव्या त्या खोलीपर्यंत दाबायचं आणि अर्धा फेरा फिरवायचं. एका वेळी साधारण 50 सेंटिमीटरचा कोअर मिळतो. साधा पीव्हीसी पाइप ठोकला तर ओला गाळ आत दबतो, म्हणून पाइप उपसण्याआधी आतल्या आणि बाहेरच्या गाळाची पातळी मोजून फरक लिहून ठेवावा लागतो. मग कोअर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून 4 अंशांना ठेवायचा, 1 सेंटिमीटरच्या चकत्या करायच्या, 63 मायक्रॉनच्या चाळणीवर धुवायच्या आणि उरलेल्यातून फोरॅमिनिफेरा या एकपेशीय सागरी जीवांची सूक्ष्म कवचं वेचायची.

खरी गडबड वय काढताना होते. तिवराचं मूळ वरून खाली घुसलेलं असतं. ते कार्बन-14 पद्धतीने वय मोजायला दिलं तर जुना थर तरुण दिसतो. शिंपला दिला तर उलटं: समुद्राच्या पाण्यातल्या जुन्या कार्बनमुळे वय साधारण 400 वर्षांनी फुगतं, आणि खाडीत गोडं पाणी मिसळत असल्याने हा आकडाही जागेनुसार बदलतो. त्यापेक्षा पान किंवा बी शोधावी.

अचानक बदलांसाठी मग अरबी समुद्रातच, पण खोल जावं लागतं. साधारण 200 ते 1,000 मीटर खोलीवर प्राणवायू इतका कमी आहे की बिळं करणारे प्राणी जवळपास नसतातच. पाकिस्तानच्या किनाऱ्यालगत त्या पट्ट्यातल्या गाळाचे पातळ थर शाबूत राहिलेत. उत्तर अटलांटिक गारठला की आपला नैऋत्य मोसमी पाऊस मंदावायचा, हे तिथे स्पष्ट वाचता आलं.

पण अटलांटिक अचानक गारठतो कसा? तिथे खारट, गार पाणी उत्तरेला बुडतं आणि दक्षिणेकडून उबदार, खारं पाणी ओढून घेतं. बर्फ वितळून गोडं पाणी आलं की बुडणं मंदावतं, मीठ येणंही घटतं, आणि बुडणं आणखी मंदावतं. अशा रचनेला दोन स्थिर अवस्था असू शकतात, हे हेन्री स्टॉमेल यांनी 1961 मध्ये दोन पेट्यांच्या साध्या गणितातून दाखवलं. एकदा घसरण झाली की गोडं पाणी पूर्वीइतकं कमी करूनही प्रवाह लगेच मूळपदावर येत नाही. ही घसरण जिथे सुरू होते, तो बिंदू म्हणजे टिपिंग पॉइंट.

असा बिंदू जवळ आला की व्यवस्था छोट्या धक्क्यांतून सावरायला जास्त वेळ घेते. नोंदीत शेजारशेजारचे नमुने एकमेकांसारखे होत जातात आणि चढउतारही मोठे होतात. इथे सर्वांत फसवा खड्डा आहे. ढवळलेल्या गाळात शेजारच्या चकत्या तशाही सारख्याच असतात! गाळ साठायचा वेग मंदावला, की त्याच 10 सेंटिमीटरमध्ये जास्त वर्षं येतात, सारखेपणा वाढतो आणि धोक्याची सूचना मिळाल्याचा भास होतो. फरक एकच: ढवळण्याने चढउतार वाढत नाहीत, उलट दबतात. म्हणून सारखेपणा आणि चढउतार, दोन्हींचे आकडे सोबत तपासायचे. शिवाय संगणकावर निव्वळ यादृच्छिक आकड्यांची मालिका घेऊन ती त्याच वेगाने साठवायची, तशीच ढवळायची, तशाच चकत्या करायच्या. तिथेही सारखेपणात तसाच चढ आला, तर मूळ आलेख बाजूला ठेवायचा.