चमकणारं जंगल बघायचंय? आधी टॉर्च बंद करा

पावसाने जोर धरला की भीमाशंकरच्या जंगलाचे तेच फोटो पुन्हा फिरू लागतात. काळोखात जमिनीवर पसरलेला झगझगीत हिरवा प्रकाश! कुणी त्याला देवस्थानाचा चमत्कार म्हणतं, तर कुणी 'आम्ही जाऊन आलो, काही दिसलं नाही, सगळं एडिट केलेलं आहे' म्हणून मोकळं होतं. दोघांचंही चुकतं.

प्रकाश खरा आहे. ओल्या, कुजक्या फांद्यांवर आणि पानांवर मायसेना गटातली बुरशी वाढते. तिच्या पेशींत ल्युसिफेरिन नावाच्या रेणूचा ऑक्सिजनशी संयोग होतो, ल्युसिफरेज हे विकर तो घडवून आणतं आणि सुटलेली ऊर्जा हिरव्या प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते. काजव्याचीही रीत हीच, फक्त त्याचं ल्युसिफेरिन वेगळं. चमकणाऱ्या बुरशीतली यासाठी लागणारी जनुकं २०१८ साली शास्त्रज्ञांनी उलगडली आणि २०२० साली तीच तंबाखूच्या रोपात घालून चमकणारी रोपं वाढवली. यात दैवी काही नाही.

मग दिसत का नाही? कारण आपला डोळा तयार नसतो, आणि मला खरी गंमत इथेच वाटते.

दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात. सुमारे साठ लाख शंकूपेशी रंग ओळखतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. अंधुक उजेडाचं काम सुमारे बारा कोटी दंडपेशी करतात. त्यांच्यात ऱ्होडॉप्सिन असतं: ऑप्सिन हे प्रथिन आणि त्याला जोडलेला, 'अ' जीवनसत्त्वापासून बनलेला रेटिनल. प्रकाशकण आदळला की वाकडा रेटिनल सरळ होतो, मेंदूकडे संदेश जातो आणि थोड्या वेळाने रेटिनल प्रथिनापासून सुटतो. तो शेजारच्या पेशीथरात जाऊन पुन्हा वाकडा होऊन परत येईपर्यंत ते ऱ्होडॉप्सिन निकामी. लख्ख उजेडात बहुतेक साठा असा मोडलेलाच असतो. तो भरून यायला अंधारात अर्धा तास तरी लागतो, आणि मोबाइलचा टॉर्च काही सेकंदांत त्यावर पाणी फिरवतो. सरावलेल्या डोळ्याची ताकद मात्र अफाट. हेख्ट, श्लेर आणि पिरेन या शास्त्रज्ञांनी १९४२ साली दाखवलं, की पाच ते चौदा प्रकाशकण शोषले गेले तरी माणसाला उजेड जाणवतो.

दंडपेशींना रंग कळत नाही, म्हणून आपल्याला ती बुरशी फिकट, राखाडी-पांढरी दिसते. फोटोतला हिरवा रंग खोटा नाही. शटर बराच वेळ उघडं ठेवून कॅमेरा प्रकाश साठवतो, डोळ्याला ते जमत नाही. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यावर दंडपेशी नसतातच. त्यामुळे चमकणाऱ्या काटकीकडे थेट रोखून पाहिलं की ती गायब होते, नजर जराशी बाजूला वळवली की तिच्या कडा उमटतात. हीच काटकी टॉर्चच्या उजेडात धरा, सालीखाली पांढुरके धागे सोडून काही दिसणार नाही.

उजेड लागलाच तर मंद लाल दिवा वापरा, दंडपेशी लाल प्रकाशाला फारशा दाद देत नाहीत. अमावस्येच्या आसपासची रात्र निवडा. आणि हे अभयारण्य आहे, तेव्हा अंधार पडल्यावर वनखात्याच्या परवानगीशिवाय आत शिरू नका. पावसाळा हुकला तरी बिघडत नाही: मे-जूनमध्ये झाडांवरचे काजवे टॉर्च बंद करूनच पाहावेत, आणि हिवाळ्यात निरभ्र आकाशातली आकाशगंगा नीट पाहायलाही टॉर्चविना तोच अर्धा तास लागतो.