संथ डोलणारी बोट आणि कॅमेऱ्याची नजर

खेकडे पकडण्याच्या पिंजऱ्यांनी लादलेली बोट उलटण्याच्या बेतात आली, की ती जोराने हेलकावे खातेच असे नाही. पुष्कळदा ती सावकाश कलते, कललेल्या अवस्थेत क्षणभर थबकते आणि मग हळूहळू सरळ होते. नवख्या खलाशाला हे डोलणे सुखाचे वाटते, पण जाणत्या कप्तानाच्या पोटात त्याच वेळी गोळा येतो.

बोट कलते तेव्हा तिच्या पाण्याखालच्या भागाचा आकार बदलतो, पाण्याचा वर ढकलणारा रेटा कललेल्या बाजूकडे सरकतो आणि तो रेटा व बोटीचे वजन यांच्यात पडलेल्या आडव्या अंतरामुळे ती पुन्हा सरळ होते. डेकवर वजन रचत गेले, की गुरुत्वमध्य वर चढतो, हे अंतर घटते आणि बोटीला सावरणारा जोर क्षीण होतो. अलास्कालगतच्या बेरिंग समुद्रात वापरले जाणारे पोलादी पिंजरे एकेक सुमारे 300 किलोंचे असतात. हिवाळ्यात लाटांचे तुषार त्यांच्या सळ्यांवर आणि जाळीच्या धाग्याधाग्यावर गोठत जातात. खलाशी हातोड्यांनी तो बर्फ तासन्‌तास फोडत राहतात. फेब्रुवारी 2017 मध्ये ‘डेस्टिनेशन’ नावाची बोट पिंजऱ्यांच्या आणि बर्फाच्या भाराने उलटली व तिच्यावरील सहाही जण गेले. तपासासाठी समुद्रतळातून काढलेला एक पिंजरा 840 पौंड (सुमारे 380 किलो) भरला. बोटीच्या स्थिरतेचा हिशोब मात्र 700 पौंड (सुमारे 318 किलो) धरून केलेला होता.

याच समुद्रातील खेकडेमारीवर डिस्कव्हरी वाहिनीने एप्रिल 2005 मध्ये ‘डेडलिएस्ट कॅच’ ही मालिका सुरू केली. कॅमेऱ्यामुळे कप्तान जादा जोखीम पत्करतात का, असा प्रश्न अशा कार्यक्रमांबद्दल नेहमी विचारला जातो आणि तो रास्तच आहे. परंतु धोक्याचे कारण प्रेक्षकाला खरे सांगितले जाते का, हा प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो. डेकवर कोसळणारी लाट पडद्यावर उठून दिसते, संथ झालेले डोलणे दिसत नाही. त्यामुळे समुद्र खलनायक ठरतो, धैर्य हा त्यावरचा उपाय ठरतो आणि वजनाचा हिशोब कथेबाहेर राहतो. पहिल्या हंगामाचे चित्रीकरण चालू असतानाच, 15 जानेवारी 2005 रोजी, ‘बिग व्हॅली’ ही बोट बुडून सहापैकी पाच जण मृत्युमुखी पडले. तिच्यावर परवानगीपेक्षा जास्त पिंजरे लादलेले होते.

संमतीचा प्रश्नही सोपा नाही. या मालिकेतील ‘कॉर्नेलिया मरी’ या बोटीचे कप्तान फिल हॅरिस यांना जानेवारी 2010 मध्ये बंदरात माल उतरवताना पक्षाघात झाला आणि 9 फेब्रुवारीला त्यांचा मृत्यू झाला. चित्रीकरण चालू ठेवा, असे त्यांनीच सांगितल्याचे निर्मात्यांनी नंतर सांगितले, आणि तो सारा काळ त्याच वर्षी प्रक्षेपित झाला. कप्तानाची इच्छा मानायलाच हवी. तरीही एका माणसाच्या होकाराने शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या मुलांचे आणि खलाशांचे दुःखही दाखवण्याचा हक्क मिळतो, हे मला पटत नाही. पकडीतल्या वाट्यावर राबणाऱ्या खलाशाला कप्तानाच्या बोटीवर नकार देणे किती अवघड जाईल, याचाही विचार व्हायला हवा.

1990 च्या दशकात या खेकडा-ताफ्यात दरवर्षी सरासरी सात-आठ माणसे मरत. 1999 पासून अमेरिकी तटरक्षक दलाने हंगामापूर्वी धक्क्यावरच बोटींची तपासणी सुरू केली आणि मृत्यूंचे प्रमाण बरेच खाली आले. 2005 मध्ये पकडीचा कोटा आधीच वाटून देण्यात आला, तेव्हा काही दिवसांत मिळेल तितके ओढण्याची शर्यत संपली आणि वादळात थांबणे कप्तानाला परवडू लागले. अलास्कातील डच हार्बर बंदराच्या धक्क्यावर, बोटीवर किती वजन चालेल हे सांगणारी स्थिरतेची पुस्तिका हातात घेऊन एक अधिकारी रचलेले पिंजरे मोजतो आहे आणि कप्तान त्याच्याशेजारी वाट पाहत उभा आहे, हे दृश्य लाटेइतकाच वेळ पडद्यावर राहावे, एवढे तरी निर्मात्यांना करता येईल.