बिअरचं विरजण: द्रव यीस्ट नेणाऱ्या ग्राहकांसाठी

ज्या घरात रोज रात्री दुधाला विरजण लागतं, तिथल्या माणसाला यीस्ट स्टार्टर, म्हणजे बिअर आंबवणारं यीस्ट थोड्या द्रावणात आधी वाढवून केलेलं विरजण, अर्धा आधीच कळलेला असतो. तरी न्यू जर्सीतल्या आमच्या घरी बिअर करण्याच्या सामानाच्या दुकानात दर शनिवारी तेच प्रश्न येतात, तो कुणाला लागतो आणि कसा करायचा, म्हणून हे पत्रक.

आधी गरज कुणाला नाही ते सांगतो. कोरड्या यीस्टचं पाकीट नेलं असेल तर स्टार्टर करू नका. त्या दाण्यांत वाढीसाठी लागणारा साठा कारखान्यातच भरलेला असतो. एल जातीच्या साध्या पाच गॅलन बिअरला एक पाकीट पुरतं. एवढं सांगूनही काही जण हौसेने करतातच.

स्टार्टर लागतो तो आमच्या फ्रिजमधल्या द्रव यीस्टला. ताज्या पाकिटात साधारण १०० अब्ज पेशी असतात आणि ढोबळ हिशेबाने दर महिन्याला त्यातल्या पाचव्या हिश्श्याएवढ्या मरतात. आंबण्याआधी १.०४८ घनता (पाण्याची १) असलेल्या पाच गॅलन एलला लागतात सुमारे १७० अब्ज, लागर जातीच्या बिअरला त्याच्या दुप्पट. पेशी कमी पडल्या तर बिअर फसफसायला उशीर लागतो, आणि तेवढ्यात नको ते जंतू पंगतीला येऊन बसतात.

शनिवारी बिअर करायची असेल तर बुधवारी संध्याकाळी सुरुवात करा. दोन लिटर पाण्यात २०० ग्रॅम कोरडी माल्ट (मोड आणलेल्या जवाच्या अर्काची) पावडर, म्हणजे ज्याला सगळे डीएमई म्हणतात ती, विरघळवून १५ मिनिटं उकळा. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, नकोत. साखरही नको: नुसत्या साखरेवर पोसलेलं यीस्ट पुढे माल्टची साखर खायला कंटाळतं. भांडं मोठं घ्या आणि शेगडीजवळून हलू नका. हे द्रावण दुधापेक्षा लबाड आहे, उतू जाताना आवाजही देत नाही आणि शेगडीवर चिकटलं की निघता निघत नाही.

मग झाकण ठेवून भांडं बर्फाच्या पाण्यात निववा, ७० अंश फॅरेनहाइटपर्यंत. इथून पुढे जे जे द्रावणाला लागेल ते सॅनिटायझरमधून काढलेलं हवं: बरणी, नरसाळं, कात्री, पाकिटाची बाहेरची बाजूसुद्धा. यीस्ट ओतून बरणीच्या तोंडावर फॉइल सैल बसवा. घट्ट झाकण कधीही नको. आतला वायू कोंडला तर काच फुटते, शिवाय पेशींना वाढायला हवा लागते. स्टर प्लेट, म्हणजे द्रावण आपोआप ढवळत ठेवणारं यंत्र, असेल तर उत्तम. नसेल तर येता-जाता बरणी गरगर फिरवा, तेवढ्यानेही फरक पडतो.

दिवस-दीड दिवसात द्रावण गढूळ, फिकट दिसेल. फेस दिसला नाही म्हणून घाबरून फोन करू नका, तो कधी कधी रात्रीतच येऊन जातो. वास पावाच्या कणकेसारखा यायला हवा. व्हिनेगरचा आला तर सगळं ओतून द्या. शुक्रवारी सकाळी बरणी फ्रिजमध्ये ठेवा. शनिवारी तळाशी सायीसारखा थर बसलेला असेल. वरचं पाणी बरंचसं टाकून द्या, ते पिण्यासाठी नाही. उरलेल्यात थर ढवळून घ्या आणि बिअरच्या तापमानाजवळ आल्यावर घाला.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत. जास्तीचं उकळलेलं द्रावण, यीस्ट घालण्याआधीचं, बरणीत बंद करून कपाटात ठेवू नका. लोणचं टिकतं ते आंबटपणा आणि मिठावर. यात दोन्ही पुरेसं नाही, आणि बोट्युलिझमच्या, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेच्या, जंतूंचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत. साठवायचंच असेल तर प्रेशर कॅनर, म्हणजे बरण्या दाबाखाली निर्जंतुक करणारं खास भांडं, लागतो. घरचा डाळ-भाताचा कुकर म्हणजे कॅनर नव्हे.

कायद्याचं विचारलं जातं म्हणून: अमेरिकेत १९७८ च्या फेडरल कायद्याने घरच्या वापरासाठी वर्षाला १०० गॅलन, आणि घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलनपर्यंत बिअर करमुक्त करता येते. विकता येत नाही. महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणं तिथे गुन्हा ठरतो. तेव्हा सुट्टीत गावी जाताना भावासाठी किट मागायला आलात, तर आम्ही देणार नाही.