तुकडीची सरासरी झोप फसवते ती कशी

लष्करी सरावात झोप कमी होते ती हुकमाने. झोपायला सगळ्यांना चारच तास दिले, तर झोपेच्या नोंदीही साधारण सारख्याच दिसणार. झोपण्या-उठण्याच्या वेळांवरून तिथे माणूस ओळखता येत नाही, वेळापत्रक तेवढं कळतं. माणसाचं स्वतःचं वळण दिसतं ते पाठ टेकल्यावर झोप किती वेळात लागते, मध्ये कितीदा जाग येते आणि जागरणानंतर लक्ष किती ढळतं यात.

यातली शेवटची गोष्ट विलक्षण पक्की असते. झोपेचे संशोधक हान्स व्हॅन डाँगेन आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 21 निरोगी माणसांना तीन वेगवेगळ्या खेपांना 36 तास जागं ठेवलं. आधीच्या आठवड्यातली झोप कमी-जास्त करूनही जो एकदा ढेपाळला तो पुन्हा ढेपाळला, जो टिकला तो पुन्हा टिकला. कोणती गोष्ट मोजली त्यानुसार एकूण फरकापैकी सुमारे 68 ते 92 टक्के फरक हा माणसामाणसातला निघाला. गंमत म्हणजे झोप आल्याची जाणीव, विचार करण्याची क्षमता आणि सतर्कता या तिन्हींत एकच माणूस कच्चा असेल असं नाही. त्यामुळे ‘मी ठीक आहे’ या उत्तरावर पहारा सोपवणं धोक्याचं. अर्थात हे प्रयोगशाळेतलं जागरण होतं. थंडी, भूक, भीती त्यात नव्हती.

सतर्कतेची नेहमीची चाचणी दहा मिनिटांची असते. 2 ते 10 सेकंदांच्या अनियमित अंतराने खूण दिसते, दिसताच बटण दाबायचं. 500 मिलिसेकंदांहून उशीर झाला की एक चूक. केवळ सरासरी वेळ पाहिली तर या मोजक्या चुका लपतात, आणि पहाऱ्यावर नेमक्या त्याच महागात पडतात.

झोप मोजायला मनगटावर ॲक्टिग्राफ बांधतात. तो हालचाल मोजतो, झोप नव्हे. निश्चल बसलेला पहारेकरी त्याला झोपलेला वाटू शकतो, हादरणाऱ्या गाडीत झोपलेला जागा वाटू शकतो आणि काढून ठेवलेलं यंत्र तर गाढ झोपलेलं! म्हणून ते काढल्याची वेळ आणि पहाऱ्याच्या पाळ्या वेगळ्या लिहून ठेवाव्या लागतात. सरावाआधी किमान आठवडाभराची नोंद, सुट्टीच्या दिवसांसह, हाताशी हवी. एका-दोन रात्रींवरून कोणाचंही वळण ठरत नाही. नंतरची तुलना तुकडीच्या सरासरीशी न करता त्या-त्या सैनिकाच्या याच नोंदीशी करायची.