जॉन्स, अँड्र्यू

(१९ मे १९७४ – ). ऑस्ट्रेलियाचा रग्बी लीगपटू. न्यूकॅसल नाइट्स, न्यू साउथ वेल्स आणि ऑस्ट्रेलिया या संघांचा हाफबॅक. या खेळातला सर्वांत परिपूर्ण हाफबॅक कोण, या वादात त्याचे नाव टाळून पुढे जाता येत नाही. त्याचा जन्म न्यू साउथ वेल्समधील करी करी येथे झाला. लहानपण जवळच्याच सेसनॉक या कोळसाखाणींच्या गावात गेले. थोरला भाऊ मॅथ्यू नाइट्समध्ये फाइव्ह-एट्थ (हाफबॅकचा जोडीदार, ६ क्रमांकाचा खेळाडू) म्हणून त्याच्या जोडीला खेळला.

मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर खेळतात ते रग्बी युनियन, पंधरा जणांचे. लीगमध्ये तेरा खेळाडू असतात. चेंडू बाळगणाऱ्या संघाला सहा पकडी (टॅकल) मिळतात. सहावी पकड झाली की चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो, म्हणून पाचव्या पकडीनंतर बहुधा किक मारतात. चढाई कोणत्या बाजूने न्यायची आणि शेवटी किक कोणती, हे मुख्यतः ७ क्रमांकाचा हाफबॅक ठरवतो.

जॉन्सची ताकद निर्णय लांबवण्यात होती. चेंडू दोन्ही हातांत धरून तो सरळ बचावफळीवर धावून जाई. पास, किक की स्वतः घुसणे, हे तिन्ही पर्याय अखेरच्या पावलापर्यंत खुले राहत. समोरच्याला त्याच्यासाठी थांबावेच लागे आणि बाजूला फट पडे; तेवढ्यात आखूड पास त्या फटीत धावत आलेल्या सहकाऱ्याच्या हाती पडे. हाच पास दोन पावले आधी सुटला, तर बचावफळीला आडवे सरकायला वेळ मिळतो आणि चढाई कडेच्या रेषेवर कोंडली जाते. नवख्या हाफबॅकचे बहुतेक वेळा इथेच चुकते. जॉन्स अंगाने दणकट होता, पकडीही जोरकस करी. त्यामुळे त्याला गाठून मोठे फॉरवर्ड (पुढच्या फळीतले धिप्पाड खेळाडू) अंगावर पाठवण्याचा नेहमीचा डाव फारसा चालत नसे.

किकवर त्याची हुकूमत विलक्षण होती. ग्रबरसाठी, म्हणजे जमिनीलगतच्या किकसाठी, चेंडूच्या वरच्या भागावर पाय बसवावा लागतो; मग तो टोकांवर गडगडत जातो आणि मध्येच उसळतो. जोर जास्त झाला तर चेंडू मैदानाच्या टोकाच्या डेड-बॉल रेषेपार जातो, कमी पडला तर पहिल्याच बचावपटूच्या पायाला अडतो. १९९७ पासून ‘४०/२०’ नियम आला: स्वतःच्या ४० मीटर रेषेमागून मारलेला चेंडू मैदानात टप्पा घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या २० मीटरच्या आत बाहेर गेला, तर पुढचा ताबा मारणाऱ्या संघाला. असा नियम जॉन्सच्या पायांना मानवणारा होता.

नाइट्सकडून तो १९९३ मध्ये पहिल्या श्रेणीत उतरला. १९९४ मध्ये साउथ सिडनीविरुद्ध सुरुवातीपासून खेळण्याची पहिली संधी मिळाली, तेव्हा त्याने २३ गुण केले. १९९५ च्या विश्वचषकात तो हूकर (९ क्रमांकाचा फॉरवर्ड) म्हणून खेळला आणि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला.

२८ सप्टेंबर १९९७ ची अंतिम लढत मॅनलीशी होती. त्याच वर्षी न्यूकॅसलचा पोलाद कारखाना बंद होणार असल्याचे जाहीर झाले होते, आणि सारे शहर या संघाकडे डोळे लावून होते. बरगडीची दुखापत घेऊन जॉन्स मैदानात उतरला. १६-१६ अशी बरोबरी होती आणि काही सेकंद उरले होते. सर्वांना ड्रॉप गोलची (चेंडू जमिनीवर टाकून उसळताच गोलखांबांमधून मारण्याची, एका गुणाची) अपेक्षा होती. जॉन्स मात्र डमी हाफवरून (पकडीनंतर मागे सरकवलेला चेंडू उचलणाऱ्याच्या जागेवरून) अरुंद बाजूला निसटला आणि चेंडू आत डॅरेन अल्बर्टला दिला. ट्राय (प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणे, चार गुण) झाला. रूपांतराचे, म्हणजे ट्रायनंतरच्या गोलकिकचे, दोन गुण जॉन्सनेच मिळवले: २२-१६.

२००१ च्या अंतिम सामन्यात पॅरामॅटा जिंकणार असे बहुतेकांना वाटत होते. मध्यंतराला नाइट्सकडे २४-० अशी आघाडी होती. सामना ३०-२४ असा संपला आणि सामनावीराचे क्लाइव्ह चर्चिल पदक जॉन्सला मिळाले. हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचे डॅली एम पदक त्याने तीनदा पटकावले (१९९८, १९९९, २००२), जगातील सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बूट दोनदा (१९९९, २००१).

पुढची वर्षे दुखापतींची. २००४ मध्ये गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, २००५ च्या सुरुवातीला जबडा मोडला. नाइट्स २००५ चे पहिले तेरा सामने हरले आणि गुणतक्त्याच्या तळाशी राहिले. तरी त्याच वर्षी स्टेट ऑफ ओरिजिन या न्यू साउथ वेल्स व क्वीन्सलंड यांच्यातील वार्षिक मालिकेच्या दुसऱ्या सामन्यात परतून त्याने मालिकेत मागे पडलेल्या न्यू साउथ वेल्सला ३२-२२ असे जिंकून दिले. तिसरा सामना ३२-१० असा जिंकून मालिकाही मिळाली. इंग्लंडमध्ये वॉरिंग्टनकडूनही तो थोडे सामने खेळला.

मानेतील चकतीच्या दुखापतीमुळे एप्रिल २००७ मध्ये त्याने निवृत्ती घेतली. नाइट्ससाठी २४९ सामने, ८० ट्राय, ९१७ गोल, २२ ड्रॉप गोल. एकूण २,१७६ गुण, त्या वेळचा स्पर्धाविक्रम. त्याच वर्षी लंडनमध्ये अमली पदार्थ बाळगल्यावरून अटक झाल्यावर कारकीर्दभर केलेले सेवन आणि द्विध्रुवी मनोविकार, दोन्ही त्याने जाहीरपणे सांगितले. २०१० मध्ये वर्णद्वेषी उद्गारांमुळे न्यू साउथ वेल्सच्या प्रशिक्षकवर्गातून त्याला बाहेर पडावे लागले. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या शतकातील संघात हाफबॅक म्हणून त्याची निवड झाली. २०१२ मध्ये तो आठवा ‘इमॉर्टल’ (ऑस्ट्रेलियन रग्बी लीगमधील सर्वोच्च सन्मान) ठरला.